चिरंजीव गाणी आणि त्यांचे अनामिक धनी

पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात भांडवल आणि घसारा हा विषय शिकवीत असताना मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला होता. यंत्र झिजते, इमारत जीर्ण होते, रस्ता उखडतो. परंतु वापराने जिचा काडीमात्र घसारा होत नाही, अशी माणसाने निर्माण केलेली एखादी मालमत्ता सांगता येईल काय? काहींनी सोने म्हटले, एकाने जमीन म्हटली, आणि सोने व जमीन माणूस निर्माण करीत नाही हे त्यांना सांगावे लागले. मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'." वर्ग हसला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण उत्तर अचूक होते. १९७५ साली, म्हणजे माझ्याही जन्मापूर्वी, प्रसिद्ध झालेले ते गीत त्या मुलीला तोंडपाठ होते, आणि असंख्य वेळा ऐकले जाऊनही ते झिजण्याऐवजी अधिकच मौल्यवान झाले होते.

त्या गीताचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी याचा आपल्या महाराष्ट्राशी असलेला संबंध आता पुष्कळांना ठाऊक झाला आहे. फारुख बलसारा हे त्याचे मूळ नाव. झांझिबारमधील एका पारशी कुटुंबात १९४६ साली जन्मलेला हा मुलगा आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तेथे तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांना घेऊन 'द हेक्टिक्स' नावाचे एक वाद्यवृंद पथकही त्याने काढले. १९६४ मध्ये झांझिबारमधील क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. पुढे 'क्वीन' या चौकडीचे हे गीत तयार झाले, तेव्हा पावणेसहा मिनिटांहून लांब, मध्येच संगीतिकेचे रूप घेणारी आणि ध्रुपद नसलेली ही चीज नभोवाणीवर कोण वाजवणार, अशी शंका ध्वनिमुद्रिका कंपनीतील जाणत्यांनी घेतली होती. ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. नोव्हेंबर १९९१ मध्ये मर्क्युरीचे निधन झाल्यावर ते पुन्हा प्रसिद्ध करण्यात आले आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले. बाजारातील तज्ज्ञांचे भाकीत किती सपशेल चुकू शकते, याचे हे उदाहरण मी वर्गात नेहमी देतो.

रॉक आणि पॉप संगीताविषयी आपल्याकडील सुशिक्षितांत अजूनही एक प्रकारची तुच्छता आढळते. 'धांगडधिंगा' या एका शब्दात त्याची बोळवण करण्यात येते. त्या संगीतातील बराचसा भाग तसा आहे, हे मान्यच करावयास हवे. परंतु कोणत्याही काळातील बहुतेक निर्मिती टाकाऊच असते. आपल्या संगीत नाटकांच्या सुवर्णकाळातील किती पदे आज कोणाच्या ओठांवर आहेत, हे आठवून पाहावे. प्रश्न उरलेल्या थोड्यांचा आहे. बीटल्सनी आपल्या पहिल्या दीर्घमुद्रिकेतील दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात ध्वनिमुद्रित केली. हे शक्य झाले याचे कारण १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गच्या रात्रीच्या क्लबांतून त्यांनी रात्र रात्र गाऊन केलेली उमेदवारी. तालमीला पर्याय नसतो, ही गोष्ट आपल्या गवय्यांना कोणी सांगावयास नको. केट बुश हिचे 'रनिंग अप दॅट हिल' हे गीत १९८५ साली ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले होते. २०२२ साली एका दूरचित्रवाणी मालिकेत त्याचा उपयोग झाल्यावर, ३७ वर्षांनी, ते पहिल्या क्रमांकावर आले. ज्या मुलामुलींनी ते वर नेले त्यांच्यातील बहुतेकांचा ते गीत रचले गेले तेव्हा जन्मही झाला नव्हता. याला केवळ स्मरणरंजन म्हणता येणार नाही. जे अनुभवलेच नाही त्याचे स्मरण कसे होणार?

येथपर्यंत आनंदच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाला आनंदाच्या मागोमाग हिशेब आठवतो, हा आमच्या व्यवसायाचा दोष म्हणा हवे तर.

आल्फ्रेड मार्शल याने आपल्या ग्रंथात एलिझाबेथ बिलिंग्टन या गायिकेचा उल्लेख केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिने एका हंगामात दहा हजार पौंड मिळविल्याचे सांगितले जात असे. मानवी आवाज जितक्या श्रोत्यांपर्यंत पोचू शकतो त्यांच्या संख्येला मर्यादा आहे, तोवर पुढचा कोणताही गायक याहून फार अधिक मिळवील असे मार्शलला वाटत नव्हते. ध्वनिमुद्रणाने ही मर्यादा मोडून काढली. १९८१ साली शेर्विन रोझेन याने याच सूत्राच्या आधारे तारांकित कलावंतांच्या प्राप्तीचे अर्थशास्त्र मांडले: एकच गाणे कोट्यवधींना ऐकविण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य झाला की गुणवत्तेतील थोड्याशा फरकाने उत्पन्नात प्रचंड फरक पडतो. रोझेनचे विवेचन कलावंतांच्या प्राप्तीविषयी होते. गाणे पन्नास-साठ वर्षे टिकले, तर गाणारा थकल्यावर वा निवर्तल्यावरही ही प्राप्ती चालू राहते आणि गाणे एखाद्या शेतजमिनीसारखे खंड देऊ लागते. मग त्या जमिनीचे सौदे होतात.

हे सौदे पाहण्यासारखे आहेत. लेनन आणि मॅकार्टनी यांच्या गीतांचे हक्क सांभाळण्यासाठी १९६३ मध्ये 'नॉर्दर्न साँग्ज' ही कंपनी निघाली. दोन वर्षांत तिचे भाग लंडनच्या शेअर बाजारात विकावयास आले आणि १९६९ मध्ये ती कर्त्यांच्या हातून निसटून एटीव्हीकडे गेली. १९८५ साली मायकेल जॅक्सनने एटीव्हीचा संगीतसंग्रह ४ कोटी ७५ लाख डॉलरना घेतला. १९९५ मध्ये तो सोनीच्या संग्रहात विलीन झाला, आणि त्या संयुक्त कंपनीतील जॅक्सनच्या वारसांचा अर्धा वाटा २०१६ मध्ये सोनीने ७५ कोटी डॉलर मोजून घेतला. स्वतः रचलेली गाणी परत मिळावीत म्हणून सर पॉल मॅकार्टनी यांना २०१७ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात जावे लागले. ते प्रकरण आपसांत मिटले. डेव्हिड बोवीने तर १९९७ साली आपल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या भावी उत्पन्नावर साडेपाच कोटी डॉलरचे कर्जरोखे काढले, ७.९ टक्के व्याजाचे आणि दहा वर्षे मुदतीचे. एका विमा कंपनीने ते घेतले. मध्यंतरी संगणकावरील फुकट गाण्यांमुळे या रोख्यांची पत घसरली, तरी ते मुदतीत फेडले गेले. २०२० च्या डिसेंबरात बॉब डिलन यांनी आपल्या सहाशेहून अधिक गीतांचे हक्क युनिव्हर्सलला विकले. पुढच्याच वर्षी ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी आपला सारा संग्रह सोनीला दिला.

या कलावंतांनी आपल्या श्रमाचे चीज केले, यात वावगे काही नाही. आयुष्यभर जे रचले ते उतारवयात विकून निश्चिंत व्हावे, हा त्यांचा अधिकार आहे. माझा प्रश्न निराळा आहे. ज्या गुणामुळे एखादे गाणे पन्नास वर्षे टिकते, तो गुण त्यात कोणी घातला? हक्काच्या कागदावर ज्याचे नाव असते त्यानेच तो घातलेला असतो काय?

क्लेअर टॉरी या गायिकेची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. जानेवारी १९७३ मध्ये एका रविवारी तिला लंडनच्या अॅबी रोड ध्वनिमुद्रणगृहात बोलाविण्यात आले. 'पिंक फ्लॉइड'ची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही दीर्घमुद्रिका तेव्हा आकार घेत होती. रिचर्ड राइट याने पियानोवर बांधलेल्या एका रचनेवर तिने काहीतरी गावे, एवढीच अपेक्षा होती. शब्द नव्हते आणि चालही सांगितलेली नव्हती. तिने केवळ स्वरांत जे गाइले ते आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर आलापीच होती: आर्त आणि अनावर, शेवटी शांत होत जाणारी. त्या दिवसाचे तिला तीस पौंड मिळाले. ही दीर्घमुद्रिका अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे राहिली. 'द ग्रेट गिग इन द स्काय' ही त्यातील रचना टॉरीच्या आवाजावाचून कल्पनेतही आणता येत नाही. तरीही तीस वर्षे ती कागदोपत्री एकट्या राइटची होती. २००४ मध्ये टॉरीने दावा लावला आणि २००५ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून रचनाकारांत तिचे नाव छापले जाते.

दुसरे उदाहरण मॅथ्यू फिशर याचे. 'प्रोकॉल हॅरम' या चमूचे 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' हे गीत १९६७ च्या उन्हाळ्यात ब्रिटनभर गाजले. गीत ओळखू येते ते त्याच्या आरंभीच्या ऑर्गनच्या स्वरावलीमुळे. बाखच्या संगीताची सावली तिच्यावर आहे. पण ती स्वरावली बांधली आणि वाजविली फिशरने. हक्क मात्र गायक गॅरी ब्रूकर आणि कवी कीथ रीड या दोघांचे. फिशर न्यायालयात गेला तो ३८ वर्षांनी, २००५ मध्ये. उच्च न्यायालयाने त्याला संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला. अपील न्यायालयाने त्याचे सहकर्तृत्व मान्य केले, परंतु विलंबाच्या कारणास्तव पैशाचा वाटा काढून घेतला. अखेर ३० जुलै २००९ रोजी लॉर्डांच्या सभागृहातील न्यायाधीशांनी एकमताने तो त्याला परत दिला. बॅरोनेस हेल यांनी आपल्या निकालपत्रात, साठीचे दशक आठवणाऱ्यांपैकी आपण एक असून त्या संस्मरणीय ऑर्गनवादनाच्या कर्त्याला उशिरा का होईना मान मिळाला याचा आनंद वाटतो, अशा आशयाचे उद्गार काढले आहेत. कायद्याच्या रूक्ष पानांत अशी ओली जागा क्वचितच सापडते.

सर्वांत दारुण कहाणी सॉलोमन लिंडा याची आहे. दक्षिण आफ्रिकेतील या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गला 'म्बुबे' हे गीत ध्वनिमुद्रित केले. पुढे त्याचे सारे हक्क दहा शिलिंगांना कंपनीच्या नावे झाले. अमेरिकेत पीट सीगरच्या 'वीव्हर्स'नी ते उचलले, आणि १९६१ मध्ये 'टोकन्स' या चमूने 'द लायन स्लीप्स टुनाइट' या नावाने ते जगभर पोचविले. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असतानाच्या सुमारास लिंडा गरिबीत दिवस काढीत होता. १९६२ साली तो वारला. १९९४ च्या 'लायन किंग' या चित्रपटातही ते गीत आले. लिंडाच्या मुलींना न्याय मिळाला तो २००६ च्या तडजोडीने, आणि त्यासाठी वकिलांनी शोधून काढलेले शस्त्र मोठे विलक्षण होते. १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या लेखाधिकार कायद्यात अशी तरतूद होती की, कर्त्याने हयातीत हक्क विकून टाकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत यावेत. हाच कायदा १९५७ चा आपला कायदा येईपर्यंत हिंदुस्थानातही लागू होता. गरजू माणूस आपले मोल ओळखण्याच्या आतच विकला जातो, हे त्या साम्राज्यवाद्यांच्या कायदेपंडितांना उमजले होते आणि आधुनिक बाजाराला उमजत नाही, याचे आश्चर्य वाटते.

यावर माझेच एक सहकारी, तेही अर्थशास्त्राचे, जो आक्षेप घेतात तो दुर्लक्षण्याजोगा नाही. ते म्हणतात, टॉरीने तीस पौंड रोख घेतले. दीर्घमुद्रिका पडली असती तर तिने ते परत केले असते काय? बहुसंख्य ध्वनिमुद्रिका पडतातच. धोका कंपनीने पत्करला, निश्चित वेतन वादकाने घेतले. मग यशाचा लाभ धोका पत्करणाऱ्याला मिळावा हेच न्याय्य नव्हे काय? हा युक्तिवाद सबळ आहे, आणि कराराच्या मूळ मुदतीपुरता मला तो मान्यही आहे. शंभरांत नव्वद गाणी बुडणार असतील, तर उरलेल्या दहांनी त्यांचा खर्च भरून काढलाच पाहिजे.

परंतु गाणी टिकली आणि मुदत संपत आली, तेव्हा काय घडले? मुदतच वाढविण्यात आली. अमेरिकेत १९९८ साली लेखाधिकाराची मुदत वीस वर्षांनी वाढली. कायद्याला नाव मिळाले सनी बोनो याचे, जो एके काळी शेर हिच्याबरोबर पॉप गाणी गात असे आणि पुढे काँग्रेसचा सदस्य झाला. या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले, तेव्हा सतरा अर्थशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन आपले निवेदन सादर केले. त्यांत केनेथ अॅरो होते आणि मिल्टन फ्रीडमनही होते. या दोघांचे एका कागदावर एकमत व्हावे, हीच मुळात बातमी. त्यांचा हिशेब सोपा होता: इतक्या दूरच्या वर्षांतील उत्पन्नाचे वर्तमान मूल्य इतके अल्प असते की, नव्या निर्मात्याला मिळणारे प्रोत्साहन एक टक्क्यानेही वाढत नाही, आणि जी कृती आधीच निर्माण झाली आहे तिला तर प्रोत्साहन देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २००३ साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा उचलून धरला.

ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाची मुदत ५० वर्षांची होती. सर क्लिफ रिचर्ड (यांचा जन्म १९४० सालचा, आपल्या लखनौचा) यांनी ती वाढविण्यासाठी मोहीम चालविली. सरकारने नेमलेल्या गॉवर्स यांच्या अहवालाने २००६ मध्ये मुदतवाढ देऊ नये, असे स्पष्टपणे सांगितले होते. तरी २०११ मध्ये युरोपीय संघाने मुदत ७० वर्षांवर नेली आणि १ नोव्हेंबर २०१३ पासून ती ब्रिटनमध्ये लागू झाली. यातील एक गंमत सांगण्याजोगी आहे. जी मुद्रणे आधीच हक्कमुक्त झाली होती, त्यांना हा लाभ मिळाला नाही. त्यामुळे बीटल्सचे ऑक्टोबर १९६२ मधील 'लव्ह मी डू' निसटले आणि १९६३ नंतरचे सारे अडकले. ज्यांनी मोहीम काढली त्या क्लिफ रिचर्ड यांचे १९५८ चे 'मूव्ह इट' हे पहिले यशस्वी मुद्रणही निसटले ते निसटलेच.

आता माझ्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाकडे वळू. या वाढीव वीस वर्षांसाठी कोणी कोणता धोका पत्करला होता? १९७३ मध्ये 'डार्क साइड'साठी पैसा गुंतविणाऱ्या कंपनीने ५० वर्षांच्या मुदतीचा हिशेब करूनच तो गुंतविला होता. पुढील वीस वर्षे ही तिला कायदेमंडळाने दिलेली देणगी होय. येथे धोका नाही, गुंतवणूक नाही, नवा श्रमही नाही. शुद्ध खंड आहे. आणि जो खंड कोणाच्याही धोक्याचे फळ नाही, त्याची वाटणी करताना धोक्याचा युक्तिवाद निरर्थक ठरतो. मग तो ज्यांच्या गळ्यातून आणि बोटांतून आला त्यांच्याकडे का जाऊ नये? युरोपच्या निर्देशाने या तर्काला अर्धामुर्धा मान दिला आहे. वाढीव काळातील उत्पन्नाचे २० टक्के, एकरकमी पैसे घेऊन वाजविलेल्या वादकांसाठी कंपनीने बाजूला ठेवावेत, अशी त्यात तरतूद आहे. माझ्या मते हे प्रमाण उलटे असावयास हवे होते: कंपनीला व्यवस्थेच्या खर्चापुरते वीस, आणि उरलेले ऐंशी टक्के कलावंतांना, मग ते नामांकित असोत वा अनामिक.

एका बाबतीत आपला कायदा पाश्चात्त्यांच्या पुढे आहे, हे नमूद केले पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटातील गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा त्यांना निर्मात्याकडे सोपविताच येत नाही. तसा करार केला तरी तो निरर्थक. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्या वेळी केलेले भाषण अनेकांच्या स्मरणात असेल. विकण्याचे स्वातंत्र्य हिरावून घेऊन दुर्बलाचे रक्षण करणे हे उदारमतवादी अर्थशास्त्राला सहजी पचत नाही. मलाही एके काळी पचत नव्हते. लिंडाचे दहा शिलिंग वाचल्यानंतर पचू लागले. कागदावरचा कायदा वसुलीपर्यंत कितपत पोचतो, हा अर्थात वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पैशाचा वाटा ठरविण्यासाठी आधी नावे ठाऊक असावी लागतात, आणि अडचणीचा खरा आरंभ तेथेच होतो. १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या दीर्घमुद्रिकेत जॉर्ज हॅरिसनची 'विदिन यू विदाउट यू' ही रचना आहे. तीत दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजविणारे लंडनमधील भारतीय वादक कोण होते, हे वेष्टणावर छापले गेले नाही. लक्षावधी घरांत ती दीर्घमुद्रिका पोचली. पण त्यांचा शोध लागून अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावे लोकांपुढे आली ती २०१७ साली, तब्बल पन्नास वर्षांनी. हॅरिसनला मात्र ही उणीव जाणवली असावी. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईला आला आणि फिरोजशहा मेहता रस्त्यावरील एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीताचा काही भाग मुद्रित केला. त्या मुद्रिकेच्या वेष्टणावर सरोदसाठी आशिष खान, संतूरसाठी शिवकुमार शर्मा, बासरीसाठी एस. आर. केंकरे, हार्मोनियम व तबलातरंगासाठी रिजराम देसाद अशी नावे वाद्यांसह छापलेली आहेत. इंग्रज मुद्रकाने त्यांतील काहींच्या स्पेलिंगची पार दुर्दशा केली आहे, परंतु ती आहेत.